सोमवारी पुतळा बंद असतो

बडोद्यातल्या पाणीगेटात सेवउसळीच्या गाडीवर केवडियाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडतं: "पुतळा झाला आणि तिथल्या आदिवासींचं नशीब उघडलं."

हा पूर्वपक्ष दुबळा नाही. 31 ऑक्टोबर 2018 ला सरदार पटेलांच्या 182 मीटरच्या पुतळ्याचं उद्घाटन झालं. 2021 च्या जानेवारीत चांदोदची जुनी नॅरोगेज ब्रॉडगेज होऊन रेल्वे थेट केवडियाला पोचली. गुलाबी ई-रिक्षा तिथल्याच बायका चालवतात. गाईड, बागकाम, हॉटेलातली नोकरी, सगळं खरं आहे. जिच्या हातात पहिल्यांदा स्वतःची कमाई आली, तिला बडोद्यात बसून "पर्यटन वाईट" असं शिकवणाऱ्यांशी माझंही पटत नाही.

पण "नशीब उघडलं" म्हणणारे हिशेब 2018 पासून मांडतात, आणि गावकऱ्यांची वही 1961 ला सुरू होते. सरदार सरोवर धरणाच्या वसाहतीसाठी तेव्हा केवडिया, कोठी, वागडिया, लिमडी, नवागाम आणि गोरा या गावांची जमीन घेतली गेली. ही गावं बुडाली नाहीत, म्हणून बुडीतग्रस्तांना लागू झालेला "जमिनीला जमीन" हा नियम इथल्या तडवी आदिवासी कुटुंबांना लागला नाही. धरणासाठी घेतलेल्या त्याच जमिनीवर पुढे पर्यटन आलं. उद्घाटनाच्या वेळी आसपासच्या 22 गावांच्या सरपंचांनी पंतप्रधानांना, आम्ही तुमचं स्वागत करणार नाही, असं पत्र लिहिलं, ते उगाच नव्हे. 2020 च्या टाळेबंदीत, लोक घरात कोंडलेले असताना, तिथे कुंपणं घालायला माणसं पोचली आणि बायका आडव्या आल्या.

"रोजगार तर मिळाला ना?" मिळाला, पण तो कशावर उभा आहे ते पाहा. सोमवारी पुतळा बंद असतो. त्या दिवशी रिक्षा आणि चहाची गाडीही थंड. टाळेबंदीत असे कितीतरी सोमवार एकामागोमाग एक लागले. ज्याच्या शेतात तूर आणि मका उभा होता, त्याची चूल पेटली. शेत गेलेल्याला पर्यटकाची वाट बघावी लागली.

याच्याशेजारी बारामतीजवळचं पळशीवाडी ठेवा. पांडुरंग तावरे यांनी तिथे 2005 मध्ये कृषी पर्यटन सुरू केलं. महाराष्ट्र सरकारचं धोरण त्यानंतर पंधरा वर्षांनी, 2020 मध्ये आलं. त्या पद्धतीत शेतकरी पाहुण्याला हुरडा खायला घालतो, पण ज्वारी त्याची आणि बांधही त्याचाच. पाहुणे नाही आले तर खळं आहेच. तिथे सगळं गोड आहे असं नाही. रस्त्यालगतचा, चार पैसे गाठीला असलेला शेतकरी पुढे जातो. कोरडवाहू अल्पभूधारक मागेच राहतो. तरी मालकी हलत नाही, हा फरक मोठा आहे.

म्हणून माझा पक्ष असा: पर्यटन येऊ द्या, पण जमीन विकत न घेता भाडेपट्ट्याने घ्या, आणि तीही ग्रामसभेला विचारून. अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनाआधी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी सल्लामसलत करायला 1996 चा पेसा कायदा सांगतोच. तिकिटाच्या पैशातला ठरलेला वाटा गावाच्या खात्यात जावा.

उरला शेवटचा आक्षेप, "यांना हॉटेल चालवता येईल का?" गुलाबी रिक्षा चालवता येतील का, असंही लोक विचारत होते. शिकवलं तर हॉटेलही चालवतील. अडचण बँकेच्या खिडकीवर आहे. कर्जाला तारण म्हणून ती सातबारा मागते.