साध्या इंजिनाला टर्बो नको

गाळप हंगामात नीरा-बारामती रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला आपल्या गाडीत आणखी थोडी ओढ असावी असं वाटतं. निंबुत, वाघळवाडी, करंजेपूल, कुठेही पुढे उसाची डबल ट्रॉली असते, समोरून वाहनं येत असतात आणि ओव्हरटेकला मिळालेली जागा गाडी वेग घेईपर्यंत संपून जाते. पुण्याहून परतताना पाच माणसं आणि सामान घेऊन दिवे घाट चढायचा तर साध्या पेट्रोल गाडीचा दुसरा गिअर सुटत नाही. सोमेश्वरनगरच्या तरुणाने आपल्या स्विफ्टला टर्बो बसवून घ्यायचा विचार केला तर तो केवळ हौसेपोटी नसतो. म्हणूनच त्याला ‘नको ते धंदे’ असं म्हणून वाटेला लावणं मला पटत नाही. त्याची बाजू नीट मांडून मगच ती खोडली पाहिजे.

ती बाजू अशी. इंधनातल्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बो त्याच वायूवर चक्र फिरवतो आणि सिलिंडरमध्ये हवा कोंबतो, म्हणजे ताकद फुकटात मिळते. अर्धा बार दाब दिला की हवा दीडपट, म्हणून ताकदही दीडपट. टाटांनी १,९४८ सीसीचं डिझेल इंजिन सुमोत टर्बोशिवाय दिलं आणि १९९८च्या सफारीत टर्बोसह दिलं. कंपनीला जमतं ते चांगल्या मिस्त्रीला का जमू नये? आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, ऑक्टेन ९५वर गेला आहे, त्यामुळे इंजिन ठोकण्याची भीतीही उरलेली नाही. शिवाय लोक सीएनजी किट बसवतातच की.

यातलं पहिलं विधान बरंचसं खरं आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूची याने १९०५मध्ये पेटंट घेतलं ते याच कल्पनेचं. पण टर्बाइन हा बाहेर पडणाऱ्या वायूच्या वाटेतला अडथळाही असतो. त्यामुळे थोडा जळका, तापलेला वायू सिलिंडरमध्येच मागे राहतो.

दीडपटीचा हिशेब मात्र अर्धवट आहे, आणि सगळ्या अनर्थाचं मूळ त्यातच आहे. हवा दाबली की तापते. मे महिन्यातली ४० अंशांची हवा अर्ध्या बारने दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर ती १०० अंशांच्या आसपास जाते. तापलेली हवा विरळ असते, म्हणून सिलिंडरला मिळते ती सव्वापट. चांगला इंटरकूलर लावून ती ६० अंशांवर आणली तरी १.४ पटीच्या पुढे जात नाही. आणि ही आधीच दाबलेली, तापलेली हवा पुढे पिस्टन पुन्हा दाबतो. मारुतीच्या १.२ लिटरच्या ड्युअलजेट इंजिनाचं कॉम्प्रेशन १२ला १ आहे. कमी इंधनात जास्त काम व्हावं म्हणून ते मुद्दाम इतकं वर नेलेलं असतं आणि ते बाहेरच्या साध्या दाबाची हवा गृहीत धरून ठरवलेलं असतं. त्यात दाबाची हवा सोडली की ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता उरलेलं मिश्रण आपोआप पेट घेतं. इंजिन ठोकायला लागतं. काही मिनिटं भरधाव असं चाललं तर पिस्टनची रिंगांमधली कडा तुटते, हेड गॅसकेट जातं, कधी पिस्टनला भोक पडतं. तीनच्या मोटरसाठी टाकलेल्या पाइपलाइनवर साडेसातची मोटर बसवली तर काय होतं, हे आपल्या भागात सांगायला नको.

इथेनॉलचा मुद्दा आपल्या उसाच्या पट्ट्यात अभिमानाने मांडला जातो, म्हणून तो जरा खोलात पाहू. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, ठोकण्याला विरोध वाढतो, हे निर्विवाद. पण एक किलो पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते आणि एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं. इंजेक्टरच्या हातात जी शिल्लक होती त्यातली काही या मिश्रणाने आधीच खाल्ली. वर टर्बोने हवा वाढवली की उरलेलीही संपते. साध्या गाडीचा दाब मोजणारा सेन्सर बाहेरच्या हवेच्या दाबाच्या फारसा वर मोजतच नाही, त्यामुळे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, जास्तीची हवा आली हे कळतच नाही. ऐन ताकदीच्या वेळी इंजिनाला इंधन कमी पडतं, मिश्रण जास्त तापतं आणि ऑक्टेनने दिलेलं संरक्षण तिथेच संपतं.

‘कंपनीला जमतं’ या युक्तिवादाला कंपन्यांनीच उत्तर दिलं आहे. मारुतीची फ्राँक्स दोन पेट्रोल इंजिनांत मिळते. १.२ लिटरचं साधं इंजिन ९० पीएस आणि ११३ न्यूटन मीटर देतं. एक लिटरचं बूस्टरजेट १०० पीएस आणि जवळपास १४८ न्यूटन मीटर देतं. घरात तयार असलेल्या १.२ला टर्बो लावणं मारुतीला सोपं वाटलं असतं तर तिने तेच केलं असतं. तिने लहान इंजिन घेतलं, कॉम्प्रेशन १०ला १ ठेवलं आणि इंधन थेट सिलिंडरमध्ये सोडलं. सुमो-सफारीचं उदाहरण डिझेलचं. डिझेलमध्ये सिलिंडरात आधी फक्त हवा दाबली जाते, म्हणून पेट्रोलसारखं ठोकण्याचं भय नसतं आणि टर्बो तिथे शोभतो. तरीही इंधनपंप, पिस्टन आणि वंगण यांचा हिशेब नव्याने मांडावा लागतोच. नीरेपलीकडे फलटणला टाटा कमिन्सची टर्बो डिझेल इंजिनं होतात, ती पहिल्या आराखड्यापासून टर्बोसाठीच घडवलेली असतात.

उंच कॉम्प्रेशनवर टर्बो चढवण्याचा प्रयोग एका मोठ्या कंपनीने करून पाहिलाही आहे. जनरल मोटर्सने १९६२मध्ये ओल्ड्समोबाईल जेटफायर काढली. १०.२५ला १ कॉम्प्रेशन, त्यावर टर्बो, आणि ठोकणं थांबवायला पाणी-मिथेनॉलचं वेगळं मिश्रण टाकीतून फवारायचं. मालक ती टाकी भरायला विसरत. दोन वर्षांत गाडी बंद झाली आणि पुढे कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची सोय केली. प्रयोगशाळा आणि शेकडो अभियंते हाताशी असलेल्यांची ही गत झाली.

सीएनजीची तुलना थोडक्यात निकालात निघते. सीएनजी किटला त्या-त्या मॉडेलसाठी मान्यता घेतलेली असते आणि त्याची नोंद आरसीवर होते. टर्बो किटला अशी वाट नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाला मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘पीयूसी तर निघते’ हे उत्तर चालणार नाही. पेट्रोल गाडीची ती तपासणी उभ्या गाडीचं इंजिन मोकळं चालवून होते, घाटात दाबाखाली नव्हे. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलावर बोट ठेवायला विमा कंपनीला कारण मिळतं. क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक जुन्याच ताकदीसाठी बनवलेले असतात, तेही या जोडकामात कोणी मोजत नाही.

मग ओढ हवी असेल तर करायचं काय? आधी गाडीची मूळ ताकद शाबूत आहे का ते पाहावं. कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर तपासायला फार वेळ लागत नाही. हंगामातल्या धुळीने एअर फिल्टर तुंबलेला असतो, प्लग झिजलेले असतात, क्लच घसरत असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निम्मा बुजलेला असतो. दुबळी म्हणून टर्बोसाठी नेलेली गाडी पुष्कळदा आजारी असते, आणि आजारी इंजिनावर दाब चढवणं म्हणजे त्याचा शेवट जवळ आणणं.

ज्यांना यंत्राची खरी ओढ आहे त्यांना अडवायची माझी मुळीच इच्छा नाही. टर्बो समजून घेण्यासारखी सुंदर गोष्ट मोटारीत दुसरी नाही. सोमेश्वरनगरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी भंगारातलं इंजिन स्टँडवर बांधावं, कमी कॉम्प्रेशनचे पिस्टन टाकावेत, मोठे इंजेक्टर आणि बदलता येणारा ईसीयू लावावा, दाब ०.२ बारपासून हळूहळू वाढवत प्रत्येक पायरीला तापमान मोजावं. पिस्टन फुटला तर तो टेबलावर ठेवून का फुटला ते पाहावं. ही विद्या आपल्या तालुक्यात हवीच आहे, पण ती घरच्यांना घेऊन जाणाऱ्या गाडीवर शिकायची नाही.

गाडीवाल्यांना एवढंच सांगणं: किटसाठी बाजूला काढलेले पैसे आधी इंजिनाच्या तपासणीवर, क्लचवर आणि चार चांगल्या टायरांवर खर्च करा. तरीही ओढ अपुरी वाटली तर ही गाडी विका आणि टर्बोसकट कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी घ्या, जुनी मिळाली तरी चालेल.