दिवे मांडवीत, अंधार कुणाच्या घरी?

संध्याकाळी पणजीच्या जेटीवर उभं राहिलं की मांडवीत कॅसिनोंच्या बोटी लखलखताना दिसतात. त्या हलवण्याची आश्वासनं अनेक सरकारांनी दिली, बोटी तिथंच! फेब्रुवारी २०२० पासून गोवेकरांना मात्र तिथं जुगार खेळायला बंदी झाली. चांगलंच झालं. पण याचा अर्थ काय? जुगारानं घर मोडतं, हे सरकारलाही पटलंय. मग बाहेरून येणाऱ्याचं घर हे घर नाही का? महसूल पणजीत जमा होतो, रिकामं पाकीट कोल्हापूर-बेळगावला परततं. महिन्याच्या किराण्याची तोंडमिळवणी तिथल्या बाईनं करायची! म्हणून मैत्रिणींनो, हा प्रश्न एकट्या पणजीचा नाही. ‘जरा गोव्याला जाऊन येतो’ असं घरात कुणी म्हणालं, तर कशासाठी, हे मी विचारणार. तुम्हीही विचारा.