सामने मायदेशी परतले, प्रेक्षक मागाहून

यवतमाळ : कोरोनाच्या साथीनंतर भारतीय क्रिकेट संघाचे मायदेशातील पुनरागमन ५ फेब्रुवारी २०२१ रोजी झाले, अशी नोंद आहे. मार्च २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा धरमशालाचा सामना पावसाने वाहून गेला, उरलेले दोन साथीमुळे रद्द झाले. त्यानंतर जवळपास अकरा महिन्यांनी चेन्नईत इंग्लंडविरुद्ध कसोटी सुरू झाली, तीही रिकाम्या गॅलरीसमोर.

यवतमाळकरांसाठी ही तारीख कागदावरचीच ठरली. त्याच महिन्याच्या उत्तरार्धात अमरावती, अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत रुग्णसंख्या झपाट्याने वाढली आणि निर्बंध पुन्हा लागू झाले. मार्चअखेर पुण्याजवळ गहुंजे येथे तीन एकदिवसीय सामने झाले, मात्र राज्य सरकारची परवानगी प्रेक्षकांविना खेळण्यापुरतीच होती. २८ मार्चच्या निर्णायक लढतीत सॅम करनने नाबाद ९५ धावा करून भारताच्या तोंडचे पाणी पळविले. भारत अवघ्या सात धावांनी जिंकला. एवढी रंगतदार लढत, पण टाळ्या वाजवायला मैदानात कोणी नाही!

तो संपूर्ण दौरा चेन्नई, अहमदाबाद आणि पुणे या तीनच शहरांत उरकण्यात आला. खेळाडूंच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. पण त्याला मायदेशी पुनरागमन म्हणायचे, तर घरची माणसे कोठे होती, हा प्रश्न उरतोच.

यवतमाळला सर्वांत जवळचे आंतरराष्ट्रीय मैदान नागपूरजवळील जामठ्याचे. तेथे १० नोव्हेंबर २०१९ रोजी दीपक चहरने बांगलादेशाचे सहा गडी अवघ्या सात धावांत टिपले होते. त्यानंतर भारतीय संघ तेथे उतरला तो थेट २३ सप्टेंबर २०२२ रोजी, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. तोही सामना धड मिळाला नाही. मैदान ओले राहिल्याने सातचा खेळ साडेनऊला सुरू झाला आणि षटके उरली प्रत्येकी आठ. रोहित शर्माच्या २० चेंडूंतील नाबाद ४६ धावांनी पैसे वसूल झाले खरे. पण मोहालीत आधीचा सामना खेळलेला विदर्भाचा उमेश यादव नेमका घरच्या मैदानावर संघाबाहेर होता. वर्धामार्गे परतणाऱ्यांना घर गाठायला उत्तररात्र झाली असणार.

९ फेब्रुवारी २०२३ पासून तेथेच कसोटी झाली. रोहितचे शतक आणि जडेजा-अश्विनची फिरकी यांच्या बळावर भारताने ऑस्ट्रेलियाला एक डाव १३२ धावांनी हरविले, तेही तिसऱ्याच दिवशी, शनिवारी. रविवारी जामठा गाठण्याचा बेत आखणाऱ्यांना घरीच बसावे लागले.