बुसानची खरेदी : परतावा नेमका कुणाच्या पदरात?

दक्षिण कोरियात सोलखालोखाल मोठे असलेले बुसान हे बंदराचे शहर. एकीकडे हेउंडेचा समुद्रकिनारा, दुसरीकडे जागालचीचा मासळीबाजार आणि डोंगरउतारावर गमचनची रंगीबेरंगी घरे. या शहरात फिरणाऱ्या परदेशी पाहुण्याचे लक्ष दुकानांच्या दारावरील 'टॅक्स फ्री' ही पाटीही वेधून घेते. दहा टक्के कर परत मिळणार, या समजुतीने खरेदीची यादी लांबत जाते. हिशेब मांडून पाहिला, तर चित्र थोडे वेगळे दिसते.

कोरियात मूल्यवर्धित कराचा दर दहा टक्के असून तो छापील किमतीतच धरलेला असतो. एक लाख दहा हजार वॉनच्या वस्तूत दहा हजार वॉन कर असतो. म्हणजे मोजलेल्या रकमेच्या जेमतेम नऊ टक्के. त्यातून परतावा देणारी खासगी कंपनी आपले शुल्क कापून घेते. पर्यटकाच्या हाती पडते ती रक्कम साधारणपणे पाच ते आठ टक्के. ही वजावट आहे, बक्षीस नव्हे, हे ध्यानात ठेवलेले बरे.

सवलत अधिक सोपी करण्याचा प्रयत्न कोरियन सरकारने केला आहे, हे मान्य करावे लागेल. परताव्यासाठी लागणारी किमान खरेदी १ जानेवारी २०२४ पासून ३० हजार वॉनवरून १५ हजारांवर आणण्यात आली. पासपोर्ट दाखवून दुकानातच कर वजा करून घेण्याची मर्यादाही त्याच वर्षी दुप्पट झाली. एका खरेदीसाठी ती दहा लाख, तर संपूर्ण मुक्कामासाठी पन्नास लाख वॉन करण्यात आली. करोनापूर्वी, २०१९ मध्ये, सुमारे पावणेदोन कोटी परदेशी पर्यटक कोरियात आले होते. २०२४ मध्ये ही संख्या सुमारे १ कोटी ६४ लाख होती. गमावलेला ग्राहक परत मिळवण्याची ही धडपड होती.

बाजार मात्र बाहेरच

प्रश्न आहे तो या सवलतीच्या दिशेचा. परतावा मिळतो तो तीन महिन्यांच्या आत देशाबाहेर जाणाऱ्या वस्तूवर, आणि तोही करखात्याने मान्यता दिलेल्या दुकानातून घेतलेल्या. शिनसेगेचे सेंटम सिटी हे २००९ मध्ये जगातील सर्वांत मोठे डिपार्टमेंट स्टोअर म्हणून गिनेस बुकात नोंदले गेले. तेथे परताव्याची सारी व्यवस्था हाताशी असते. गुकजे बाजाराची गोष्ट निराळी. १९४५ नंतर उभा राहिलेला हा बाजार कोरियन युद्धातील निर्वासितांनी वाढवला. तेथील छोट्या गाळ्यावर रोखीने घेतलेल्या मोजांच्या जोडीवर परतावा मिळण्याची शक्यता कमीच. जागालचीत ताजी मासळी निवडून तेथेच शिजवून खाल्ली, तरी परताव्याचा प्रश्न उद्भवत नाही; पोटात गेलेली वस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

थोडक्यात, शहर पाहण्यासाठी, तेथे खाण्यापिण्यासाठी केलेल्या खर्चाला या योजनेत जवळपास स्थान नाही. सवलत मिळते ती बॅगेत भरलेल्या सामानाला. ज्या गोष्टींसाठी बुसानला जावे, त्या बाजूला राहतात आणि सोलमध्येही मिळणाऱ्या सौंदर्यप्रसाधनांच्या पिशव्या वाढतात. निर्वासितांच्या वस्तीतून नावारूपाला आलेल्या गमचनमध्ये रहिवाशांना पाहुण्यांची गर्दी रोज सोसावी लागते. त्यांच्या वाट्याला या सवलतीतून फारसे काही येत नाही.

इतरांचा अनुभव

ही योजना अटळ आहे असेही नाही. ब्रिटनने २०२० च्या अखेरीस पर्यटकांसाठीचा कर परतावा बंद केला. करमुक्त माल देशातच परत विकला जाऊ लागल्याने जपानने आधी कर भरा, निघताना परत घ्या, अशी पद्धत १ नोव्हेंबर २०२६ पासून लागू करण्याचे ठरवले. भारतात २०१७ च्या एकात्मिक वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १५ मध्ये परदेशी पर्यटकांना परतावा देण्याची तरतूद आहे. पण ती कागदावरच राहिली. कधी अंमलबजावणी झालीच, तर तिचा लाभ मॉलपुरता राहणार की पैठणी विणणाऱ्यापर्यंत आणि कोल्हापुरी चपला शिवणाऱ्यापर्यंत पोहोचणार, याचा विचार आधीच व्हायला हवा.

बुसानला जाणाऱ्या मराठी पर्यटकाने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शहरातील केंद्रावर परतावा घेतला, तरी विमानतळावरील नोंद चुकवू नये. सीमाशुल्क अधिकारी वस्तू पाहण्यास मागू शकतात, म्हणून ती न वापरता ठेवावी आणि बॅगा विमान कंपनीकडे सोपवण्यापूर्वीच हे काम उरकावे. दुसरे, मायदेशी परतल्यावर ठरावीक मर्यादेपलीकडील मालावर सीमाशुल्क भरावे लागते. तिकडे वाचवलेले इकडे द्यावे लागले, तर त्या खरेदीपेक्षा जागालचीतील एक जेवण अधिक किफायतशीर ठरेल!