अहवालातील दोन अधिक चिन्हे

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एका ज्येष्ठ लिपिकांनी गृहकर्जाच्या विम्यासाठी झालेल्या वैद्यकीय तपासणीचा कागद प्रस्तुत लेखकापुढे ठेवला. साखरेची आणि रक्तदाबाची ओळ त्यांनी स्वतः वाचली होती; शंका होती ती ‘युरिन अल्ब्युमिन’ या शब्दांपुढील दोन अधिक चिन्हांविषयी. “अधिक म्हणजे चांगलेच ना, सर?” असा त्यांचा निरागस प्रश्न होता. अकरा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या या गृहस्थांची लघवी त्यापूर्वी एकदाही तपासली गेली नव्हती. कर्ज बुडू नये म्हणून विमा कंपनीने ती तपासली, हा योगायोग अर्थशास्त्राच्या अध्यापकाला अस्वस्थ करणारा आहे.

आपल्या दोन मूत्रपिंडांत मिळून सुमारे वीस लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो, त्यातील बहुतेक सर्व शरीर परत घेते आणि लिटर-दीड लिटर लघवी उरते. अल्ब्युमिन हे रक्तातील प्रमुख प्रथिन आकाराने मोठे असल्याने ते निरोगी गाळणीतून सहसा निसटत नाही. दिवसाला १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी प्रथिने लघवीतून गेली तर ते स्वाभाविक समजतात. गाळणीची भोके सैल झाली की हे प्रमाण वाढते. त्याने दुखत नाही, खुपत नाही. लघवीला फेस येणे, सकाळी डोळ्यांखाली वा संध्याकाळी पावलांवर सूज दिसणे, ही लक्षणे गळती बरीच वाढल्यावरची होत.

ही खूण काही आधुनिक शोध नव्हे. लंडनच्या गायज् रुग्णालयातील रिचर्ड ब्राइट यांनी सूज आलेले रुग्ण, त्यांची लघवी आणि मृत्यूनंतर आढळलेली बिघडलेली मूत्रपिंडे यांचा संबंध १८२७ साली दाखवून दिला. त्यांची प्रयोगशाळा म्हणजे एक चमचा आणि मेणबत्ती! तापविल्यावर अंड्याच्या पांढऱ्या भागाप्रमाणे लघवीतील प्रथिन साकळते, एवढ्यावर त्यांचे निदान उभे होते. आज त्या चमच्याची जागा कागदी पट्टीने घेतली आहे.

मात्र पट्टीचा रंग बदलला म्हणजे मूत्रपिंड गेले, असे समजून हाय खाणेही चूकच. ताप, अतिश्रम, उन्हात पाणी कमी पडणे यांमुळे प्रथिने तात्पुरती दिसतात. काही तरुणांत ती केवळ दिवसभर उभे राहिल्यावर दिसतात आणि पहाटेच्या लघवीत नसतात. म्हणून सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर पाहावयाचे. ते ग्रॅममागे ३० मिलिग्रॅमच्या वर असेल आणि तीन महिन्यांनीही तसेच राहिले, तर कारण शोधलेच पाहिजे. बहुधा ते मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असते. गाळण्यांचा दाह, ल्युपससारखे विकार हीही कारणे असतात. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही मूत्रपिंडास इजा होते. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात अलीकडेच चेहरा उजळविणाऱ्या मलमांतील पाऱ्याने गाळण्या बिघडलेले रुग्ण आढळले. गोरेपणाच्या हव्यासाची ही किंमत! आणखी एक गैरसमज : गळलेली प्रथिने भरून काढण्यासाठी पावडरींचे डबे रिचविल्याने गाळणी सांधली जात नाही, तिच्यावरील भार मात्र वाढतो.

आता खर्चाचा विचार करू. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला आणि गरीब रुग्णांना जिल्हा रुग्णालयांत ही सोय विनामूल्य मिळू लागली. हे स्वागतार्ह होते यात शंका नाही. परंतु आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक खेपेस चार तास यंत्राला जोडून घ्यावयाचे, तर एसटीचे भाडे, रुग्णाचा बुडालेला रोज आणि सोबत येणाऱ्याचाही रोज या रकमा कोणत्या हिशेबात धरावयाच्या? ज्या औषधांनी ही वेळ पुष्कळ लांबविता येते ती महाग आहेत, ही सबबही आता टिकत नाही. मधुमेहींच्या मूत्रपिंडांचा ऱ्हास कॅप्टोप्रिलने मंदावतो हे १९९३ मध्येच सिद्ध झाले. त्याच वर्गातील गोळ्या आज स्वस्त आहेत. डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट आधीच आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले, तेव्हा त्यांच्याही किमती एकदम खाली आल्या. अडते आहे ते निदानापाशी.

सर्वांचीच लघवी दरवर्षी तपासावी, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. त्यातून खर्च आणि धास्तीच वाढेल. परंतु मधुमेह, रक्तदाब किंवा घरात मूत्रपिंडविकार असलेल्यांना ही तपासणी वर्षातून एकदा नक्की मिळाली पाहिजे. यासाठी नवी यंत्रणा लागणार नाही. गरोदर स्त्रियांच्या लघवीतील अल्ब्युमिन आपल्या उपकेंद्रांतील परिचारिका वर्षानुवर्षे पाहत आल्या आहेत, कारण गरोदरपणी वाढलेल्या रक्तदाबाबरोबर ते दिसणे आई व बाळ दोघांच्याही जिवास धोक्याचे असते. म्हणजे पट्टी आहे, ती वापरणारे हातही आहेत. तिशीवरील नागरिकांची साखर व रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रमही आहे. ज्यांच्यात दोष आढळतो त्यांच्यासाठी ती पट्टी त्याच टेबलावर ठेवावयाची आणि दुसऱ्या तपासणीची तारीख कार्डावर लिहून द्यावयाची, एवढेच बाकी आहे. डायलिसिस यंत्राच्या उद्घाटनाला फीत कापता येते, पट्टीच्या डबीला ती बांधता येत नाही, ही अडचण मात्र खरी!

आमच्या लिपिकांचे गुणोत्तर दोन्ही वेळा वाढलेले निघाले. क्रिएटिनिन अद्याप ठीक आहे, गोळ्या बदलल्या आहेत, आणि गुडघेदुखीसाठी ते रोज घेत असलेली वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी प्रथम बंद केली आहे.