शेजाऱ्याला येतो तोच फोन

जाहिराती बघून वाटतं की माणूस कॅमेरा आणि बॅटरी पाहून फोन घेतो. आमच्या बीड जिल्ह्यात मी तरी असं फारसं पाहिलेलं नाही. इथे आधी विचारतात, "भाच्याकडं कोणता आहे?" कारण अडलं की भाच्यालाच विचारायचं असतं. ज्या प्रणालीचे वापरणारे मुळात थोडे, तिला सांगणारा भाचा आणायचा कुठून? खरी अडचण ही आहे, किंमत नव्हे.

किंमत म्हणाल तर 2014 च्या ऑगस्टमध्ये इंटेक्सने फायरफॉक्स ओएसवर चालणारा फोन 1,999 रुपयांना आणला होता. दोन हजारांच्या आत स्मार्टफोन! पण त्यावर अधिकृत व्हॉट्सॲपच नव्हतं. पुढच्याच वर्षाच्या डिसेंबरात मोझिलाने फोनच्या बाजारातून अंग काढून घेतलं.

मला चुटपुट लागते ती मात्र इंडस ओएसची. राकेश देशमुख आणि त्यांचे मुंबई आयआयटीतले सोबती यांनी ती उभी केली. 2015 मध्ये मायक्रोमॅक्सच्या युनाइट 3 वर ती आली. मेनू मराठीत, कळफलक मराठीत, बोट फिरवलं की मजकुराचं भाषांतर. पाया अँड्रॉइडचाच, त्यामुळे व्हॉट्सॲपचीही अडचण नव्हती. (मराठीचा आद्यकवी म्हणून मुकुंदराजांचा अभिमान बाळगणाऱ्या आमच्या अंबाजोगाईकरांनी तर डोक्यावर घ्यावी अशी वस्तू!) पण दुकानात जाऊन "इंडसवाला द्या" कोण म्हणणार? गिऱ्हाईक मायक्रोमॅक्स मागायचं. पुढे 4जी आलं, चिनी कंपन्या आल्या, देशी फोन मागे पडले आणि त्यांच्या पाठीवर बसलेली इंडसही खाली आली. 2022 मध्ये फोनपेने ती घेतली. 2024 च्या फेब्रुवारीत तिच्यातून ॲपचं दुकान तेवढं निघालं.

जिओफोनवर कायओएस होती, म्हणजे त्या फायरफॉक्सचंच दुसरं रूप. हे नाव घेणाऱ्यांतल्या कितीजणांना ठाऊक होतं? 2017 मध्ये तो फोन आला तो 1,500 रुपयांच्या अनामतीवर आणि सिमच्या जोरावर. व्हॉट्सॲप त्यावर यायला 2018 चा सप्टेंबर उजाडला. म्हणजे छोट्याला मोठ्याचा खांदा लागतोच, आणि तो खांदा कधी काढून घेतला जाईल याचा भरवसा नाही.

आता मद्रास आयआयटीच्या आश्रयाने तयार झालेली भारओएसही 2023 मध्ये जाहीर झाली. असं काही विकायचं असेल त्यांना माझं एवढंच सांगणं, क्रिकेटच्या जाहिरातीवर पैसा घालू नका. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. म्हातारी माणसं गावी राहतात आणि पोराचा आवाज ऐकायला फोनच उरतो. त्याआधी केज, गेवराई, धारूरच्या बसस्थानकांजवळ शिकवणारा एकेक पोरगा बसवा. त्याने फोन हातात देतानाच भाषा मराठी करून द्यावी आणि आपला नंबर त्यात टाकून द्यावा. पुढच्या दिवाळीलाही तो तिथेच बसलेला दिसला पाहिजे.