आधी तपासा, मग वाटा

शिक्षण परिषदेत हल्ली एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. वर्गातल्या नव्या प्रयोगांवर संशोधन करत बसू नका, म्हणे. अहवाल छापून येईपर्यंत तंत्रज्ञानच बदललेले असते. प्रोजेक्टरचा अभ्यास पुरा होतो तोवर टॅब येतो, टॅबचा होतो तोवर कृत्रिम बुद्धिमत्ता दारात उभी असते. तेव्हा मिळेल ते वापरत राहावे. ऐकायला हे व्यवहारी वाटते, पण ते चूक आहे, आणि धर्माबादसारख्या सीमेवरच्या तालुक्याला तर महागात पडणारे आहे.

संशोधन यंत्राचे असते, असे यात गृहीत धरले आहे. वडोदऱ्यात काय झाले ते पाहा. २००० साली गुजरात सरकारने तिथल्या महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. ते बहुतेक ठिकाणी पडून राहिले. मग मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने चौथीच्या मुलांना त्यांवर गणिताचे खेळ दिले: एका संगणकापुढे दोन मुले, आठवड्याला दोन तास. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांचे सहकारी यांनी खेळ मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांची तुलना केली. गणितात भरघोस फरक पडला होता, भाषेत नाही. वर्षभराने पुन्हा तपासले, तर गणितातल्या फायद्याचाही मोठा भाग ओसरलेला. हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. तसले संगणक आज कोणी वापरत नाही, पण यातला एकही निष्कर्ष शिळा झालेला नाही. ॲप विकायला आलेला माणूस सहा महिन्यांचे गुण दाखवतो, तेव्हा ‘पुढच्या वर्षी यातले काय उरले?’ हे विचारायचे बळ त्या जुन्या मोजमापातूनच येते.

२००७ सालीच रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ योजनेची हिरवी-पांढरी यंत्रे आली. तीच यंत्रे पेरू देशात सरसकट वाटली गेली. तिथल्या ३१९ शाळांत पंधरा महिन्यांनी पाहणी झाली, तेव्हा गणित आणि भाषेत फरक दिसला नाही. उलट दिल्लीत, मूल जिथे अडले आहे तिथून सुरुवात करणाऱ्या सॉफ्टवेअरने गणित आणि हिंदी दोन्ही सुधारले. तो अभ्यास २०१९चा. म्हणूनच ‘खडू-फळा पुरेसा आहे’ हेही मला मान्य नाही.

आता आपल्याकडे या. राज्याची हद्द ओलांडली की तेलंगणातले बासर. इथल्या कितीतरी घरांत तेलुगू, शाळेत मराठी, मिरचीच्या बाजारात दोन्ही. पुस्तकातला क्यूआर कोड परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आधी वापरून पाहिला, मग तो राज्यभर गेला. म्हणजे नवे काही खेड्यातूनही निघते. पण त्या कोडमधून उघडणारा व्हिडिओ शाळेतल्या मराठीत बोलतो. घरी तेलुगू बोलणाऱ्या मुलीला हातच्याची वजाबाकी त्यातून कळते का, हे पुण्याला बसून कोणाला सांगता येणार नाही.

तिसरीचा वर्ग डोळ्यांपुढे आणा. ५२ उणे २७. मुलगी लिहिते ३५, कारण ती सातातून दोन काढते. व्हिडिओ चालू होतो, संपतो, मुले खूश होतात. पुढचे उदाहरण ८१ उणे ४६, आणि तिचे उत्तर ४५. चूक जशीच्या तशी. गुरुजींनी ती तारीख घालून टिपून ठेवली की संशोधनाला सुरुवात झाली. एका शाळेत व्हिडिओ दशक सुटे करण्याच्या पायरीवर थांबवून मुलांना तेलुगूत सांगू द्यावे, शेजारच्या शाळेत तो सलग दाखवावा. दिवाळीपूर्वी दोन्हीकडे तीच दहा उदाहरणे द्यावीत, आणि जूनमध्ये पुन्हा. याला अनुदान लागत नाही.

अडचण वेगळीच आहे. डी.एड., बी.एड.ला कृतिसंशोधन सगळ्यांनी केलेले असते: पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, जाड पुठ्ठ्याची बांधणी आणि ठरलेले यश. नवोपक्रम स्पर्धेला फसलेला उपक्रम कोण पाठवणार? फसल्याची नोंद नाही, म्हणून तोच उपक्रम पलीकडच्या केंद्रात पुन्हा फसतो. धर्माबादच्या गटसाधन केंद्राने अशा नोंदींची एक वही ठेवावी, फसलेल्या उपक्रमांना त्यात पहिली पाने द्यावीत, आणि तालुक्यात नवा टॅब वाटण्याआधी ती परिषदेत वाचून दाखवावी.